काय चालत नाही, ते आधी सांगा

पुण्यात राहणाऱ्यांना वर्तमानपत्रातली एक लहानशी चौकट ओळखीची आहे. गुरुवारी अमुक जलकेंद्रात दुरुस्तीचे काम आहे, त्यामुळे पुढील भागांत पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. खाली पेठांची, नगरांची, रस्त्यांची यादी असते. बातमी कुणालाच आवडत नाही, पण ती वाचून घरोघरी पिंपे भरली जातात, धुणे आदल्या दिवशी उरकले जाते आणि घरी लग्नकार्य असेल तर टँकर सांगितला जातो. पाणी येणार नाही असे जाहीर केल्याने महापालिकेची अब्रू गेली, असे कुणी म्हणत नाही. न सांगता नळ कोरडा पडला तर मात्र दिवसभर तिच्या नावाने खडे फोडले जातात.

ही चौकट मला आठवली ती एका संकेतस्थळामुळे. माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते जन्मापासून दृष्टिहीन आहेत. संगणक ते स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली. त्यांच्याकडे आहे ती एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये ती लिहायला घेतली आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः दृष्टिहीन. ही प्रणाली जगभर मोफत मिळते, म्हणून भारतातल्या हजारो लोकांच्या संगणकावर ती आहे.

एका सेवेसाठी त्यांना ऑनलाइन अर्ज भरायचा होता. अर्जाची चार पाने. नाव, पत्ता, आधार क्रमांक, कागदपत्रे, सगळे त्यांनी एकट्याने भरले. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची चौकट आली. ही अक्षरे म्हणजे चित्र, आणि चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. आवाजात ऐकण्याची सोय ठेवलेली नव्हती. शोधाशोधीत वेळ संपला आणि अर्ज पुसला गेला. त्यांनी तो पुन्हा भरला, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेला शेजारचा मुलगा आला आणि त्याने अर्ध्या मिनिटात ती सहा अक्षरे लिहून दिली. त्याच संकेतस्थळाच्या तळाशी ‘सुगम्यता’ नावाची लिंक होती. हे संकेतस्थळ आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सर्वांसाठी, दिव्यांगांसह, सुगम्य आहे, असे तिथे लिहिलेले होते.

मला वाटले, ते चिडले असतील. ते एवढेच म्हणाले, “अहो, शेवटचं पान चालत नाही हे आधीच लिहिलं असतं, तर मी त्या पोराला सकाळीच बोलावलं असतं.”

या वाक्यात सुगम्यता निवेदनाचे सगळे प्रयोजन आले आहे. संकेतस्थळाच्या मालकाने दिव्यांग वापरकर्त्याला उद्देशून लिहिलेला हा मजकूर. इथे काय वापरता येईल, काय येणार नाही, जे येणार नाही ते मिळवण्याची दुसरी वाट कोणती आणि अडले तर कुणाला सांगायचे, हे त्यात असले पाहिजे. आपल्याकडे मात्र हे निवेदन दाखल्यासारखे लिहिले जाते. ‘आम्ही उत्तीर्ण आहोत’ असा तो दाखला असतो. माझे म्हणणे असे की निवेदनाची किंमत त्यातल्या उणिवांच्या यादीत आहे. ती यादी नसेल तर निवेदन नसलेलेच बरे, कारण मग ते वापरकर्त्याची दिशाभूल करते.

हा विचार कायद्यात आणण्याचे काम युरोपने केले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप यांच्या सुगम्यतेविषयी निर्देश काढला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये निवेदनाचा नमुनाच ठरवून दिला. त्या नमुन्यात संस्थेला तीनपैकी एक शेरा स्वतःवर मारावा लागतो: पूर्णपणे अनुरूप, अंशतः अनुरूप किंवा अनुरूप नाही. त्यानंतर ‘सुगम्य नसलेला मजकूर’ असा स्वतंत्र विभाग येतो. एकेक उणीव लिहायची, ती का राहिली ते लिहायचे आणि पर्याय असेल तर तोही द्यायचा. तपासणी स्वतः केली की बाहेरच्या कुणाकडून करून घेतली, निवेदन कोणत्या तारखेला तयार झाले, तक्रार कुठे करायची आणि संस्थेने दाद दिली नाही तर त्यापुढे कुणाकडे जायचे, हेही सांगणे बंधनकारक आहे. ब्रिटनने २३ सप्टेंबर २०१८ पासून हेच नियम लागू केले आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ते चालू ठेवले.

या नियमांतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट सुगम्य करण्याचा भार संस्थेच्या ऐपतीबाहेरचा असेल, तर तसे सांगून तिला सूट घेता येते. पण निर्देशाच्या प्रास्ताविकातच बजावलेले आहे की प्राधान्य नव्हते, वेळ नव्हता किंवा माहिती नव्हती ही कारणे चालणार नाहीत. आपल्या कचेऱ्यांत कोणत्याही अडलेल्या कामाची चौकशी केली की हीच तीन कारणे ऐकू येतात. ती लेखी द्यायची वेळ आली तर लिहिणाऱ्याचा हात थबकेल. लेखी कबुलीत ही ताकद असते. तोंडी सहज निघून जाणारी सबब कागदावर उघडी पडते.

आता आपल्याकडे पाहू. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले, त्यात इमारती आणि वाहतूक यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञानही होते. भारतीय मानक ब्यूरोचे १७८०२ क्रमांकाचे स्वतंत्र मानकही आता आहे. म्हणजे कागदावर तयारी कमी नाही. तरी अनेक सरकारी संकेतस्थळांवर ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ या लिंकखाली काय सापडते? स्क्रीन रीडरच्या नावांचा एक तक्ता, ते कुठून घ्यावेत याची माहिती आणि हे संकेतस्थळ मानकांचे पालन करते असे एक वाक्य. कित्येक ठिकाणी त्या तक्त्यात विंडो-आइज हे नाव अजून दिसते. त्याची विक्री २०१७ मध्येच थांबली. ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे त्याला तो कुठे मिळतो हे सांगून उपयोग नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याला ते पान वाचताच येणार नाही. त्या दृष्टिहीन माणसाला जे हवे आहे, म्हणजे या संकेतस्थळावर माझे काम होईल की नाही, ते तेवढे त्या पानावर नसते.

‘पूर्णपणे सुगम्य’ हा दावा तपासायला एक आधार आहे. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर आंतरराष्ट्रीय मानकाचा किमान एक तरी भंग आढळला. सर्वांत मोठा दोष अगदी साधा होता: अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक नसणे. तो ७९.१ टक्के पानांवर होता. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलेला मजकूर साठीच्या माणसाला दिसत नाही, त्यासाठी दृष्टिहीन असावे लागत नाही. शिवाय यंत्राला सगळे दोष सापडत नाहीत. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगेल, ते वर्णन खरे आहे की नाही हे माणसालाच पाहावे लागते. शंभरातल्या जवळपास पंचाण्णव घरांचे छप्पर गळत असताना सगळेच जण आपले घर कोरडे असल्याची पाटी लावत असतील, तर त्या पाटीवर कोण विश्वास ठेवील?

ज्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मानकाचे नाव या दाव्यांत घेतले जाते, ते स्वतः बरेच सावध आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, आणि २०१८ व २०२३ मध्ये त्यात भर पडली. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या त्यात आहेत. सर्वांत वरची पातळी संपूर्ण संकेतस्थळासाठी सरसकट सक्तीची करू नये, असे मानकातच म्हटले आहे, कारण काही प्रकारच्या मजकुराला ती गाठताच येत नाही. अनुरूपतेचा दावा करायचाच असेल तर त्यात तारीख, आवृत्ती, पातळी आणि कोणत्या पानांविषयी आपण बोलत आहोत हे असावे, अशीही अपेक्षा आहे. आपल्या निवेदनांत यांतले बहुधा आवृत्ती आणि पातळी एवढेच असते. तारीख क्वचितच. संकेतस्थळ रोज बदलते: आज एक परिपत्रक चढते, उद्या एक फलक, परवा एक नवा अर्ज. तीन वर्षांपूर्वी कुणी तरी तपासलेल्या पानांच्या जोरावर आजच्या पानाविषयी हमी देता येत नाही.

उणिवांची यादी वापरकर्त्याला नेमके काय देते? सर्वांत आधी वेळ. स्क्रीन रीडरने पान ऐकणे म्हणजे नजर फिरवणे नव्हे. मजकूर ओळीने ऐकावा लागतो, एकेका चौकटीवर कळफलकाने जावे लागते. डोळस माणसाची पाच मिनिटे वाया जातात तिथे दृष्टिहीन माणसाचा पाऊण तास जाऊ शकतो. दुसरी गोष्ट आत्मविश्वासाची. फॉर्म अडला की माझे स्नेही आधी स्वतःलाच विचारतात: माझे काही चुकले का, एखादे बटण राहिले का? दोष संकेतस्थळाचा आहे हे कळायला कुणी तरी डोळस माणूस लागतो. ‘ही चौकट स्क्रीन रीडरने भरता येत नाही’ हे एक वाक्य ती शंका मिटवते. तिसरी गोष्ट निवडीची. काय चालत नाही हे आधी कळले तर फोन करायचा, कचेरीत जायचे, कुणाची मदत घ्यायची की दुसऱ्या संस्थेकडे जायचे, हे तो माणूस स्वतः ठरवतो. ऐन वेळी अडल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही, जो कुणी समोर असेल त्याच्यापुढे हात पसरावा लागतो. त्यातही आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागतात. यातला धोका वेगळा सांगायला नको.

आता संस्थेच्या बाजूने. खरी यादी लिहायची तर आधी तपासावे लागते. माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने अर्ज भरून पाहा. पडदा बंद करून स्क्रीन रीडर ऐका. अक्षरे दुप्पट मोठी करून पान फुटते का ते बघा. चित्रफितीचा आवाज बंद करा आणि मजकूर कळतो का पाहा. एवढे केल्यावरच ‘आमचे काय चालत नाही’ हे लिहिता येते. दाखला न तपासताही लिहिता येतो, कबुली लिहिता येत नाही. म्हणून मला निवेदन हे कामाच्या शेवटी चिकटवायचे पान वाटत नाही. ते लिहायला घेणे हीच कामाची सुरुवात आहे.

मराठी संकेतस्थळांनी तपासायला घेतले तर त्यांना आपल्या भाषेचे खास प्रश्न सापडतील. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. श्रीलिपीसारख्या प्रणालींवर मराठी मुद्रणाचा संसार उभा राहिला, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या पद्धतीने जुळवलेल्या मजकुराची पीडीएफ स्क्रीन रीडरला दिली, तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारा परिच्छेद कानांना रोमन अक्षरांचा अर्थहीन खच म्हणून ऐकू येतो. कितीतरी मासिकांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, अभ्यासाच्या पुस्तिका याच रूपात पडून आहेत. शासन निर्णय, परिपत्रके, निकाल यांची स्कॅन केलेली पाने तर निव्वळ छायाचित्रे असतात, त्यांत वाचायला अक्षरच नसते. कार्यक्रमपत्रिका, श्रद्धांजली, भरतीची जाहिरात हेही हल्ली सर्रास चित्र म्हणून येते. डोळे असलेल्यांना ते देखणे वाटते, स्नेह्यांना ऐकू येतो तो फक्त ‘इमेज’ हा शब्द.

आणखी एक बारीक गोष्ट. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी एक खूण संकेतस्थळाच्या कोडमध्ये द्यावी लागते. मानकाच्या सर्वांत खालच्या पातळीवरही ती सक्तीची आहे. ती दिली नाही किंवा हिंदीची दिली, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदीच्या उच्चारांनी वाचू लागतो. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांतले मराठी च आणि ज हरवतात, ‘ळ’ ओळखीचा राहत नाही आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात पुन्हा मराठी करून घ्यावे लागते. ही दुरुस्ती एका ओळीची आहे. तरीही ती राहते, कारण त्या ओळीमुळे कुणाला काय त्रास होतो हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते, आणि सांगायला लावील असे निवेदन आपण लिहिलेले नसते.

आपली उणीव आपणच जाहीर करायची ही कल्पना मराठी माणसाला परकी आहे, असे म्हणायला जागा नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. केंद्राच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की कचेरीने कुणी विचारण्याची वाट न पाहता १७ मुद्द्यांवरची माहिती स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. जन माहिती अधिकाऱ्याचे नाव, अपील कुणाकडे, हे फलकावर लावण्याची सवय त्यातून लागली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्याखाली कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण, हे दर्शनी भागात लावावे लागते. सुगम्यता निवेदनाचा सांगाडा अगदी असाच आहे: काय मिळेल, काय मिळणार नाही, केव्हापर्यंत, आणि कुणाला विचारायचे. तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. ते दिव्यांगांच्या बाबतीत लागू करायचे तेवढे राहिले आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप वकिलांचा. स्वतःच्या चुका लिहून दिल्या तर उद्या त्या आपल्याविरुद्ध कोर्टात वापरल्या जातील. अमेरिकेत संकेतस्थळांच्या सुगम्यतेवरून दरवर्षी हजारो दावे दाखल होतात, त्यामुळे तिथे ही भीती समजण्यासारखी आहे. पण उणीव लपून राहते हे गृहीतच चुकीचे आहे. ती पहिल्याच दृष्टिहीन वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी सापडते. निवेदनाने फरक पडतो तो एवढाच, की संस्थेला उणीव ठाऊक होती, तिने पर्याय दिला होता आणि दुरुस्तीची तारीख सांगितली होती, हे नोंदलेले राहते. सगळे ठीक आहे असे लिहून ठेवले असेल तर त्याच दिवशी खोटा दावाही नोंदला जातो. अशा दाव्याची किंमत मोजावी लागते. कोणतेही संकेतस्थळ आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने मानकांना अनुरूप होते, असे सांगणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. दोष फसव्या दाव्याचा होता. पानाच्या कोपऱ्यात एक बटण बसवून प्रश्न सुटला असे मानणाऱ्या आपल्या संस्थांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा आक्षेप कामाच्या माणसांचा. निवेदने लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा दुरुस्त्याच का करू नयेत? दुरुस्त्या कराव्यातच. पण मोठ्या संस्थेची हजारो पाने एका महिन्यात दुरुस्त होत नाहीत. वर्ष लागो, दोन वर्षे लागोत, त्या काळात वापरकर्त्याने काय करायचे? पाण्याची नवी वाहिनी टाकण्याचे काम चालू आहे म्हणून गुरुवारची चौकट छापायची नाही, असे आपण म्हणत नाही. शिवाय जाहीर न केलेली दुरुस्ती पुढे ढकलायला फार सोपी असते. लिहून दिलेल्या तारखेविषयी कुणी तरी विचारतो.

तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो: असे वापरकर्ते किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. मोतीबिंदूने धूसर दिसणारे आजोबा, कंपवाताने माउस न धरता येणाऱ्या आजी, हात मोडलेला विद्यार्थी हे त्या आकड्यात नाहीत. पण हक्काचा प्रश्न डोकी मोजून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या याचिकाकर्त्या होत्या. बँकेच्या ई-केवायसीत जिवंतपणाची खूण म्हणून डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागत होती. हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसाने ती कशी करायची? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. त्यांत नियमित सुगम्यता तपासणी आहे, जबाबदार अधिकारी नेमणे आहे आणि नवी सेवा सुरू करण्याआधी दृष्टिहीन व्यक्तींकडून ती तपासून घेणेही आहे.

त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्याचा निकाल लागला. स्वतः दृष्टिबाधित असलेल्या रतुरींनी २००५ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. कायदा सुगम्यतेची सक्ती करतो, मात्र त्याखालच्या २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम मानकांना शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवतो, ही विसंगती न्यायालयाने दाखवली, तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके बनवण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. कायदा एवढा पुढे आल्यावर आता नियमांत निवेदनाचा नमुनाही यायला हवा: तारीख, तपासणीची पद्धत, उणिवांची यादी, पर्याय, जबाबदार अधिकारी आणि अपील. नमुन्यात उणिवांचा रकाना कोरा ठेवता येऊ नये, एवढी काळजी घेतली तरी बरेच साधेल.

चौथा आक्षेप लहान संस्थांचा, आणि मला तो सर्वांत जवळचा. मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात आहे. आमच्याकडे तपासणीसाला द्यायला पैसे नाहीत, संकेतस्थळ एका सभासदाने हौसेने करून दिले आहे. अशा संस्थेने काय करावे? आम्ही या वर्षी आमचे निवेदन लिहिले. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. ते असे होते:

‘मुखपृष्ठ, वाचनालयाच्या वेळा, वर्गणी आणि पुस्तकांचा शोध ही पाने आम्ही स्क्रीन रीडरवर आणि फक्त कळफलकाने वापरून पाहिली. ती चालतात. जुने वार्षिक अहवाल स्कॅन केलेले आहेत, ते स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत; हवा तो अहवाल सांगा, आठ दिवसांत टंकलिखित प्रत पाठवू. छायाचित्रांना वर्णने नाहीत, ती लिहिण्याचे काम दिवाळीपर्यंत पूर्ण करू. पुस्तक राखून ठेवण्याचा फॉर्म कळफलकाने भरता येत नाही, तो दुरुस्त होईपर्यंत फोनवर पुस्तक राखून ठेवू. बाकीचे संकेतस्थळ सर्वांना वापरता येते. अडचण आल्यास ग्रंथपालांना कळवा.’ खाली फोन क्रमांक आणि तारीख.

प्रसिद्ध करण्याआधी मी ते माझ्या त्याच स्नेह्यांना पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “शेवटून दुसरं वाक्य काढा,” ते म्हणाले. “बाकीचं संकेतस्थळ कुणी तपासलं?” कुणीच तपासले नव्हते. परिच्छेद गोड शेवट मागत होता म्हणून ते वाक्य माझ्या हातून लिहिले गेले होते. आम्ही ते काढले आणि ‘बाकीची पाने अजून तपासलेली नाहीत’ असे लिहिले.

मग ते म्हणाले, “आणि शोधाचं पान चालतं असं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. पुस्तकाचं नाव टाकून बटण दाबलं की यादी येते, पण ती आल्याचं मला कळत नाही. काहीच घडलं नाही असं वाटून मी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो.” पडद्यावर यादी उमटलेली आम्हाला दिसत होती, म्हणून तपासताना तिकडे आमचे लक्षच गेले नव्हते. तीही ओळ निवेदनात गेली. संकेतस्थळ करणाऱ्या सभासदाने ती वाचली आणि दहा दिवसांत ‘बारा पुस्तके सापडली’ असे बोलून दाखवणारी सोय केली. स्नेह्यांनी ती तपासून होकार दिल्यावर आम्ही निवेदनातली ती ओळ खोडली आणि खालची तारीख बदलली. यादीत अजून चार ओळी आहेत.